माणिकप्पांच्या अंगणातली हिरवी दोरी

मी एक जुनी दोरी आहे. मित्रांनो, हे वाचून तुम्ही लगेच विहीर, बैल, पाळणा असलं काहीतरी डोळ्यांपुढे आणाल. तसं काही नाही. मी मासे धरायची दोरी. माशासाठी जन्मले आणि आयुष्याची उमेदीची वर्षं लुगडी वाळवण्यात काढली.

स्वस्थ बसणं मला जमत नाही. दोरीच्या नशिबात दोनच गोष्टी असतात, ताण आणि झोल. ताण असला की वाटतं, कधी एकदा सुटते. झोल पडला की वाटतं, आता कोण ओढणार आपल्याला? या दोन काळज्यांच्या मध्ये वाऱ्याने हलत राहायचं. आम्हा दोऱ्यांमध्ये यालाच आयुष्य म्हणतात.

माझा जन्म मुंबईकडच्या एका कारखान्यात झाला. तिथे दोन जातींच्या दोऱ्या निघत. एक तंगूस, म्हणजे एकाच धाग्याचा काचेसारखा दोरा. दिसायला देखणा आणि स्वभावाने पण काचेसारखाच. दुसरी मी, विणलेली. नायलॉनचे बारीक पदर मुलीच्या वेणीसारखे एकमेकांत घालून मशीनने मला विणलं, शेवाळी हिरवा रंग दिला, रिळावर गुंडाळलं आणि वर कागदाचं वेष्टन लावलं. त्या वेष्टनावर मोठ्या डोळ्यांचा एक मासा छापलेला होता. तो सदैव माझ्याकडे पाहत असे. मला वाटे, आता हाच आपला जन्माचा सोबती.

मला जायचं होतं नांदेडला, गोदावरीकाठी. वाटेत कुठेतरी पोत्यांची अदलाबदल झाली आणि मी सुतळीच्या गठ्ठ्यात बसून उदगीरच्या रस्त्यावरच्या एका गावात उतरले. दुकान माणिकप्पांचं. किराणा, भुसार, चाळण्या, सुतळी, आणि गल्ल्याशेजारी विभूतीच्या पांढऱ्याशुभ्र वड्या. घर लिंगायताचं. घरात 'मासा' हा शब्दसुद्धा वर्ज्य. अगदीच वेळ आली तर माणिकप्पांच्या पत्नी नीलम्मा 'पाण्यातलं' एवढंच म्हणत, आणि म्हटल्यावर चूळ भरत.

माणिकप्पांनी पोतं उघडलं. वरच मासा. माशाने त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी विभूतीकडे पाहिलं. मग रस्त्यावर कोणी नाही हे बघून त्यांनी वेष्टन टराटरा फाडलं आणि बोळा करून टाकून दिलं. मित्रांनो, अशा रीतीने मी शाकाहारी झाले.

परत पाठवायची खटपट कोण करणार? त्यांनी मला घरात नेऊन दिलं. "कपडे वाळू घालायला घे, नीलम्मा. कोरा माल हाय."

अंगणातला कडुलिंब आणि भिंतीतलं लोखंडी कडं, यांच्यामध्ये त्यांनी स्वतःच्या हाताने मला बांधलं. माझ्यावर साधेसुधे कपडे नसत. अंघोळ करून पूजेला नेसायचं मडीचं लुगडं, ज्याला दुसऱ्या कुणी शिवायचं नाही, ते माझ्यावर वाळे. हा मान माझ्या खानदानात कुणाला मिळाला नसेल. फक्त एक होतं. दर सकाळी माझ्याखालून जाताना माणिकप्पा एकदा खाकरत.

आता माणिकप्पांची एक सवय सांगते. हा माणूस गाठ कापत नसे. गुळाच्या ढेपेची सुतळी असो, कापडाच्या गठ्ठ्याची, नाहीतर पोत्याच्या तोंडाची, ते मांडीवर घेऊन बसायचे आणि नखांनी, दातांनी, वेळ पडल्यास दाभणाने गाठ सोडवायचे. सुटलेला दोरा एका गोळ्यावर गुंडाळायचे. तो गोळा वाढत वाढत कलिंगडाएवढा झाला होता. घरात कात्री नव्हतीच.

शेजारचे रामकिशन उन्हाळभर त्यांच्या ओट्यावर बसायला असत. ते म्हणत, "अप्पा, तुमची गाठ सुटंपर्यंत मुंग्या अर्धा गूळ खाऊन राहिल्या की."

"मुंग्या जातील," माणिकप्पा मान वर न करता म्हणत. "सुतळी ऱ्हाईल."

अशात लातूर जिल्हा झाला. गावकऱ्यांना कामासाठी पूर्वी उस्मानाबादला जावं लागे. लांब पडतं म्हणून माणसं वर्षातून एकदा जात. आता लातूर जवळ पडतं म्हणून आठवड्यातून दोनदा जाऊ लागली. कामं तेवढीच राहिली. आणि त्याच सुमाराला पाऊस गेला. एक वर्ष गेला, दुसऱ्या वर्षीही फिरकला नाही. रामकिशनच्या मते जिल्हा येणं आणि पाऊस जाणं यांचा काहीतरी संबंध होता, पण तो सांगायला ते लातूरला गेले तेव्हा साहेब जेवायला गेलेले होते.

गावाचं तळं आटत आटत मधल्या डोहापुरतं उरलं. त्यावरही जलपर्णी इतकी माजली की पाणी दिसेना. वरून बघावं तर हिरवंगार रान. दुष्काळ पाहायला पाहुणे आले की त्यांना तळ्याकडे नेऊ नये, असं गावाने ठरवून टाकलं होतं.

मी अंगणात कोरड्या वाऱ्यात झोके घेत होते. कुठेतरी पाणी संपत चाललंय आणि आपण अजून ते पाहिलंसुद्धा नाही, या विचाराने मला चैन पडत नसे.

मित्रांनो, लिंगायताच्या घरी बाळ जन्मलं की त्याच्या गळ्यात इष्टलिंग बांधतात. ते जन्मभर अंगावर राहतं. नीलम्मांचं लिंग चांदीच्या छोट्या डबीत असे आणि डबी गळ्यातल्या दोऱ्यात. त्या दोऱ्याला शिवदारा म्हणतात. रोज लिंग तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय त्या पाण्याचा थेंब तोंडात घेत नसत.

शिवदारा विरला म्हणून त्यांनी नवा मागितला. माणिकप्पांनी आपल्या गोळ्यातून एक बरासा पांढरा सुती दोरा शोधून काढला. त्याला मध्ये एक गाठ होती. "गाठ हाय तिथंच दोरा पक्का असतो," असं त्यांनी वर सांगितलं.

ते खोटं नव्हतं. एका सकाळी नीलम्मा घागर घेऊन तळ्यावर गेल्या, जलपर्णी बाजूला सारून वाकल्या आणि दोरा तुटला. गाठीपाशी नाही, गाठीशेजारी. माणिकप्पा या मुद्द्यावर अजून ठाम आहेत.

डबी पाण्यात पडली. नेमक्या त्याच वेळी जलपर्णीखाली एका थोराड रोहूने शेपटी आपटली. काठावर बैलाला पाणी पाजत उभे असलेले रामकिशन ओरडले, "गिळलं! अक्का, रोहूनं गिळलं!"

रामकिशनने मासा पाहिला होता. डबी पाहिली नव्हती. पण आवाज इतका खणखणीत होता की पुढे कोणी चौकशी केली नाही. रोहू हा शेवाळ आणि पाला खाणारा मासा. तो चांदीची डबी कशाला गिळेल, हे कुणाच्याच मनात आलं नाही. मला विचारायची पद्धत नव्हती.

माणसांनी चिखल चाळला. डबी मिळाली नाही. नीलम्मा घरी येऊन ओसरीवर घोंगडीवर बसल्या. गळा मोकळा. हात सारखा तिथे जाई आणि काही न मिळून खाली येई.

मठाचे अय्या आले. त्यांनी समजावलं, "अक्का, असं कुणाचंही होतं. मी दीक्षा देऊन दुसरं लिंग बांधतो. पानी तर घ्या."

नीलम्मांनी माणिकप्पांकडे बोट केलं. "अय्या, उद्या हे हरवले तर दुसरे बांधून देता का?"

माणिकप्पाही अय्यांकडे बघू लागले. काय उत्तर येतंय, याची त्यांनाही फिकीर होती.

"आईनं पाळण्यात बांधलेलं हाय," नीलम्मा म्हणाल्या. "ते आलं तर पानी. न्हाई तर न्हाई."

कुणीतरी म्हणालं, दवाखान्यात नेऊन सलाईन लावू. त्या म्हणाल्या, तेही पाणीच.

ऊन असं होतं की माझ्यावरचं ओलं लुगडं बघता बघता पापडासारखं कडकडीत होई. अशा उन्हात साठी उलटलेली बाई कोरड्या घशाने किती तग धरणार? माणिकप्पा ओसरीवरून अंगणात आणि अंगणातून ओसरीवर नुसते येरझाऱ्या घालत होते. दर फेरीला माझ्याखालून जात. खाकरायचंही विसरले होते.

शेवटी तळ्याकाठच्या भोईवाड्यातल्या चतुराबाईंना बोलावलं. त्या दारातच उभ्या राहिल्या. "जाळं चालायचं न्हाई, अप्पा. खाली बाभळीची खोडं, वर ही जलपर्णी. फाटून हातात यील. गळच टाकावा लागंल. पर माझं काम जाळ्याचं. गळाचं आमचं मालक बघायचे, ते गेले."

ओसरीवरून नीलम्मा म्हणाल्या, "जीव घेऊन आणलेलं लिंग मी हातात धरणार न्हाई. आधीच सांगते."

"मग पोटातनं काढायचं कसं?"

रामकिशनकडे उत्तर तयार होतं. "शेपटीला धरून उलटा करायचा. आपसूक सांडतंय."

"तुमाला उलटं धरलं तर काय सांडंल?" चतुराबाई म्हणाल्या. "निस्त्या गप्पा!"

मग दोरी कुठली घ्यावी यावर खल सुरू झाला. रामकिशन म्हणाले, रोहू लई हुशार, जाड दोरी दिसली की फिरकत नाही, बारीकच पाहिजे. चतुराबाई म्हणाल्या, सुती दोरा दुहेरी करा. मी त्यांच्या डोक्यावर हातभर अंतरावर होते. वारा होता त्याहून जास्त मी हलून घेतलं. माणिकप्पांनी वर पाहिलं. आमची नजर भेटली. मग त्यांनी टोपी घातली आणि लातूरची एस.टी. धरायला गेले.

मित्रांनो, त्यांना दोष देऊ नका. इतकी वर्षं बायकोचं मडीचं लुगडं ज्या दोरीवर वाळलं ती पाण्यातल्याची दोरी आहे, हे उपाशी बायकोला सांगायचं कोणत्या तोंडाने?

लातुरात त्या दिवसांत नव्या जिल्ह्याला लागणारं सगळं मिळू लागलं होतं. खुर्च्या, शिक्के, टेबलावरच्या घंटा. माशाची दोरीही मिळाली. दुकानदाराने पुढ्यात दहा तऱ्हा टाकल्या. माणिकप्पांनी तांदूळ पारखावा तशी दोरी पारखली. तांदूळ बारीक तो भारी, शेव बारीक ती भारी, धोतराचं सूत बारीक ते भारी. त्यांनी सगळ्यात बारीक तंगूस उचलला.

"पाण्यात दिसत बी न्हाई," त्यांनी परत आल्यावर कौतुकाने सांगितलं.

चतुराबाईंनी तो दोन बोटांत धरला. "अप्पा, ह्यानं मासा धरायचा का गजरा गुंफायचा?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळी तळ्यावर गेली. माशाला इजा नको म्हणून चतुराबाईंनी गळाचं उलटं टोक दगडावर घासून बोथट केलं होतं. आमिष शेंगदाण्याच्या पेंडीचं आणि कणकेचं. किड्या-गांडुळाची गरज नाही हे ऐकून माणिकप्पांना त्यातल्या त्यात बरं वाटलं. रोहू आला, त्याने गोळी घेतली आणि थेट जलपर्णीत घुसला. तंगूस देठांभोवती गुंडाळला, ताणून ताणून लांब झाला, बाभळीच्या खोडाला घासला आणि गेला. माणिकप्पा घरी आले तेव्हा त्यांच्या हातात कुरळा झालेला हातभर तुकडा होता. त्यांनी तो नकळत आपल्या गोळ्यावर गुंडाळायला घेतला. मग हात थांबले. त्यांनी गोळा खाली ठेवला आणि भिंतीला टेकून बसले.

नीलम्मा आता आडव्या होत्या. ओठांना भेगा पडल्या होत्या. डोळे मात्र वर होते, माझ्याकडे.

"ही घ्या," त्या म्हणाल्या. आवाज पाल्यावरून वारा जावा तेवढाच.

"कुठली?"

"ही. भिजलेली वाकळ टाकते मी हिच्यावर. दोन मानसांना उचलत न्हाई ती. कधी तुटली?"

"ती कपड्याची दोरी हाय, नीलम्मा."

"मासा काय इचारून चावतो?"

माणिकप्पा खाकरले. बराच वेळ खाकरले. मग खाली मान घालून म्हणाले, "नीलम्मा, ती... ती त्याचीच दोरी हाय. पाण्यातल्याची. आली तवा कागदावर चित्र व्हतं. मी फाडलं."

"ठाव हाय मला."

"काय?"

"बोळा चुलीपाशीच टाकला व्हता तुमी. पेटवायला उलगडला तर मासा." त्यांनी दम घेतला. "दोरी काय मासे खाते व्हय? लुगडं वाळत व्हतं. मी गप बसले. तुमी बी गप बसला व्हता."

मित्रांनो, इतकी वर्षं या घरात आपलं गुपित दडलंय म्हणून मी जीव मुठीत धरून होते. आणि ज्यांच्यापासून ते दडवायचं, त्याच सकाळ-संध्याकाळ माझ्यावर हात फिरवून कपडे काढत होत्या.

माणिकप्पांनी स्वतः मारलेल्या गाठी स्वतः सोडवल्या. नीलम्मा घरी थांबायला तयार नव्हत्या. त्यांना बैलगाडीत घालून काठावरच्या बाभळीच्या सावलीत आणलं. चतुराबाईंनी मला दुसरा, तसाच बोथट गळ बांधला, गोळी लावली, डोक्यावरून एक फेर दिला आणि मी आयुष्यात पहिल्यांदा पाण्यात पडले.

मला वाटलं होतं, पाणी भेटलं की जिवाची तगमग थांबेल. उलट वाढली. गार, काळोखं पाणी, जलपर्णीच्या मुळांच्या झिपऱ्या सगळीकडून अंगाला लागत होत्या. प्रत्येक झिपरी लागली की वाटे, आला. आणि मग खरोखरच आला. काय तो झटका! माझा एकेक पदर जागा झाला. वेष्टनावरचा तो मोठ्या डोळ्यांचा शेवटी भेटला होता आणि मला सोबत घेऊन घरी निघाला होता, सरळ जलपर्णीच्या मधोमध.

पण मी तंगूस नव्हते. मी ताणून लांब होत नाही. देठ माझ्या आड आले तसे विळ्याने कापल्यासारखे कापले गेले. जे कापले गेले नाहीत ते माझ्यासोबत निघाले. माणिकप्पा, रामकिशन, चतुराबाई तिघं ओढत होते. मासा येईना, जलपर्णीचा अख्खा गालिचाच काठाकडे सरकू लागला.

"सोडू नका, अप्पा!"

"मी कधी दोरी सोडली हाय व्हय!"

गालिचा काठाला लागला आणि त्यात रोहू, चांगला लेकराएवढा. बोथट गळ आपोआप निसटला. रामकिशनने आपलं म्हणणं खरं करायला त्याला शेपटीशी धरून उलटा केला. माशाच्या तोंडातून कणकेची एक गोळी पडली आणि शेपटीचा एक फटका रामकिशनच्या तोंडावर बसला. आणखी काही सांडलं नाही. चतुराबाईंनी मासा हलक्या हाताने डोहात सोडला.

सावलीत नीलम्मांनी डोळे मिटून घेतले.

मी जलपर्णीच्या ढिगात पडले होते, हजार जागी गुंतलेली. रामकिशन गाल चोळत म्हणाले, "कापा दोरी, अप्पा. अक्काला घरी न्यायचं बघू." चतुराबाईंनी कमरेचा विळा पुढे केला.

माणिकप्पा ओल्या ढिगाशेजारी मांडी घालून बसले. "गाठ कापायची न्हाई."

"अवो, येळ काय, तुमी काय करून राहिलाव!"

"कापायची न्हाई म्हनलं ना!"

लोकांना वाटलं, अप्पांचं डोकं उन्हाने फिरलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, त्याला घाम म्हणता आलं नसतं. आणि बोटं आपली चालली होती. एक झिपरी सोडवायची, माझा एक वेढा मोकळा करायचा. एक झिपरी, एक वेढा. दुसरं काय करावं हे त्या बोटांना माहीतच नव्हतं.

मग माझ्या अंगात गुंतलेला एक दोरा त्यांच्या नखाला लागला. तो माझा नव्हता. पांढरा, सुती. त्याला एक गाठ होती.

स्वतःची गाठ माणूस ओळखतो. ते थांबले. मग त्या दोऱ्याच्या कलाने, एकेक मूळ बाजूला करत, श्वास न घेता ते आत आत गेले. मुळांच्या जटेत, दोऱ्याच्या टोकाला, चिखलाने माखलेली चांदीची डबी लोंबत होती. कुणी ती गिळली नव्हती. तुटका शिवदारा जलपर्णीच्या मुळांत अडकला होता आणि डबीला त्याने तळाशी जाऊच दिलं नव्हतं.

माणिकप्पा ओरडले नाहीत. त्यांनी डबी धोतराच्या सोग्याने पुसली, सावलीत गेले आणि नीलम्मांच्या तळहातावर ठेवली. त्यांचा तळहात आधी मिटला, मग डोळे उघडले.

तिथेच घागरीच्या पाण्याने हात धुऊन, विभूती लावून त्यांनी पूजा केली. घाई केली नाही. मग तांब्या तोंडाला लावला. पहिला घोट त्यांच्या घशातून उतरला तेव्हा सगळ्या काठाने आवंढा गिळला.

अय्यांनी रेशमी शिवदारा आणला होता. नीलम्मांनी मान हलवली आणि माझ्याकडे बोट केलं.

"अक्का, माशाचा वास यील," चतुराबाई घाबरून म्हणाल्या.

"यिऊ दे. तो बी पेंडच खातो, आमी बी शेंगाच खातो." त्यांनी अय्यांकडे पाहिलं. "चालंल ना?"

अय्या हसले. "जिनं काठावर आणलं, तिला नको कसं म्हनू?"

आता कापणं आलं. माणिकप्पांनी चतुराबाईंचा विळा हातात घेतला. जन्मात त्यांनी कुठला दोरा कापला नव्हता. एकदा नीलम्मांच्या गळ्याकडे पाहून माप धरलं, मग भरपूर सैल असावं म्हणून वीतभर वाढवलं आणि डोळे मिटून विळा ओढला. टोकं उसवू नयेत म्हणून काडीने जाळून बंद केली आणि गाठ स्वतः मारली.

तेव्हापासून मी दोन ठिकाणी राहते. लांब तुकडा अंगणात आहे, लिंबापासून कड्यापर्यंत. जिल्हा आता जुना झाला, पाऊसही अधूनमधून येतो. माझा रंग उडालाय. नवी मंडळी माझ्यावर गाडी पुसायचं फडकं टाकतात आणि पावसात तसंच विसरतात.

मित्रांनो, गवताळ पाण्यावर कधी जाल तेव्हा दिसायला बारीक आणि झुळझुळीत दोरी बघून भुलू नका. ओली वाकळ जी पेलेल ती घ्या. काम झालं की तिला धुवा, सावलीत वाळवा, बोटांतून ओढून कुठे झिजली आहे का बघा. आणि गुंतली तर विळ्याकडे हात नेण्याआधी जरा मांडी घालून बसा.

धाकटा तुकडा नीलम्मांच्या गळ्यात आहे. रोज पूजेच्या आधी माणिकप्पा येतात, काठी टेकवून शेजारी बसतात आणि म्हणतात, "बघू दोरी." त्या मान पुढे करतात. ते माझ्यावरून बोट फिरवतात, गाठ ओढून पाहतात, "पक्की हाय," म्हणतात आणि जातात.

तिथेही मला स्वस्थता अशी नाहीच. नीलम्मांचा श्वास वर चढतो तशी मी वर जाते, उतरतो तशी खाली येते, दिवसभर, झोपेतसुद्धा. आयुष्यभर मी हलणं थांबण्याची वाट पाहिली. आता मात्र, मित्रांनो, क्षणभर जरी झोल पडला तरी माझा जीव घाबरा होतो, आणि पुन्हा वर उचलली गेले की बरं वाटतं.